डोकेदुखीची गोळी

२ फेब्रुवारी

समितीने अखेर परवानगी दिली. दिली म्हणजे काय, दुपारभर माझा कीस काढून, चहा दोनदा मागवून, मग उपकार केल्यासारखी दिली. अध्यक्ष एक निवृत्त न्यायाधीश. जंतू आणि विषाणू यांतला फरक मी त्यांना दोनदा समजावला. तिसऱ्यांदा विचारायचं त्यांनीच टाळलं. बाकी एक वकीलबाई, एक मुख्याध्यापिका आणि एक हृदयरोगतज्ज्ञ, जो सबंध वेळ फोनमध्ये डोकं खुपसून होता.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, "पण धडधाकट माणसाला मुद्दाम आजारी पाडायचं, हे तुमच्या मनाला पटतं का हो?"

मी म्हणालो, "बाई, खालच्या वस्तीत पोरं न सांगता आजारी पडताहेत. ते कुणाच्या मनाला पटतंय?"

प्रयोग खरं तर शाळकरी पोराला कळेल इतका साधा. बारा निरोगी माणसं. सहांना माझी लस, सहांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय टोचलं ते सीलबंद, मलासुद्धा कळणार नाही. महिन्याने बाराही जणांना आतड्याच्या तापाचे जंतू पाजायचे आणि वॉर्डात ठेवून पाहायचं, कोण पडतो आणि कोण उभा राहतो. ताप अर्धा दिवस सलग टिकला की माणूस आजारी धरायचा आणि लगोलग अँटिबायोटिक सुरू. चार दिवसांत ठणठणीत. वस्तीतली पोरं दगावतात ती डॉक्टर उशिरा पोचतो म्हणून. इथे डॉक्टर उशाशी बसलेला. यात अनीती कुठे आहे ते मला भिंग लावूनही सापडेना.

उठता उठता न्यायाधीशांनी एक अट घातली. कुणालाही, केव्हाही, कारण न सांगता घरी जाता आलं पाहिजे. मी मान डोलावली. असल्या अटी कानाला गोड लागतात.

९ फेब्रुवारी

माणसं ठरली. एक पोहण्याचा शिक्षक, दोन विद्यार्थिनी, एक निवृत्त पोस्टमन, एक गायिका (ती स्वतःला म्हणते), आणि असेच बाकीचे. मानवजातीची सेवा करायला आलोत असं प्रत्येकाने तोंडभरून सांगितलं. अपवाद एका न्हाव्याचा. त्याला विचारलं, का आलास? तर म्हणाला, "डॉक्टरसाहेब, घरात बायको, सासू आणि मेहुणा. तीन आठवडे कुणी दार ठोठावणार नाही असं ठिकाण शोधत होतो." निदान खोटं तरी बोलला नाही. बाकी बडबड अखंड. माझ्या डोक्याकडे बघून म्हणाला की तुमचे मागचे केस कापणाऱ्याने तुमच्यावर सूड उगवलाय.

हाताखाली एक तरुण डॉक्टरीण दिलीय. हुशार आहे, पण प्रत्येक वाक्याच्या शेवटी "पण त्यांना ते नीट समजलंय ना, सर?" मी मनातल्या मनात तिचं नाव विवेकबुद्धी ठेवलंय. आज तिने पोस्टमनला संमतीपत्र मोठ्याने वाचून दाखवलं. सगळंच्या सगळं. पोस्टमनला मध्येच डुलकी लागली, तर हिने त्याला उठवून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

१२ फेब्रुवारी

टोचणं झालं. सीलबंद म्हणे! ज्याला डोळे आहेत त्याच्यापासून काय लपतं? माझी लस दंडाला सुजवते, मिठाचं पाणी सुजवत नाही. सहा जण दंड चोळत हिंडताहेत. न्हावी तर बाही वर करून दिसेल त्याला दाखवतोय, "हा माझा वस्तऱ्याचा हात, सरकारने भरपाई द्यायला पाहिजे." म्हणजे त्याला लस मिळाली. मी हे कुणाला बोललो नाही. दिसतं ते दिसतं. त्यात माझा काय दोष?

१४ मार्च

आज जंतू पाजले. छोट्या पेल्यात, सोड्याच्या पाण्यात. गायिकेने डोळे मिटून घेतले जणू अमृत आहे. न्हाव्याने पेला पोस्टमनच्या पेल्याला लावून "तुमच्या तब्येतीला!" म्हटलं आणि सगळा वॉर्ड खिदळला. मला हसू आलं नाही. अशा प्रसंगी चेष्टा सुचणाऱ्या माणसाच्या डोक्यात नेमकं काय भरलेलं असतं?

१८ मार्च

टीव्हीवर मुलाखत. मुलाखत घेणारी मुलगी माझं नावही धड उच्चारू शकली नाही. तिने विचारलं, लस घेतलेल्यांपैकी किती जणांना ताप येईल असा तुमचा अंदाज आहे? मी म्हणालो, "एकालाही नाही."

घरी आल्यावर बायको म्हणाली, "थोडेफार म्हणायचं होतं."

"का?"

"म्हणजे एखाद्याला आला असता तरी चाललं असतं."

बायको ग्रंथालयात असते. तिथे पुस्तक महिनाभर उशिरा आलं तरी चालतं. चालवून घेण्याची ती सवय तिला घरीही जडलीय.

२४ मार्च

पहिले ताप सुरू झाले. विद्यार्थिनींपैकी थोरली, मग पोहण्याचा शिक्षक, मग पोस्टमन. तिघांचेही दंड सुजलेले नव्हते. मिठाचं पाणी! ताप टिकला, विवेकबुद्धीने औषध सुरू केलं, पोहण्याचा शिक्षक उताणा पडून आईला हाका मारतोय. एवढा धिप्पाड माणूस! सुजलेल्या दंडांचे सहाही जण मजेत पत्ते खेळताहेत. न्हावी पानं लपवतो, मी काचेतून पाहिलं.

आज कितीतरी वर्षांनी शीळ वाजवत घरी आलो.

२७ मार्च

न्हावी आज पत्त्यांना बसला नाही. दुपारी मी एकटाच फेरीला गेलो तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडला होता. कपाळ गरम लागलं. थर्मामीटर लावला, आकडा चांगला नव्हता. पण थर्मामीटर काय, उकाड्यानेही चढतो. पश्चिमेची खिडकी त्याच्याच खाटेशी आहे.

"डोकं ठणकतंय डॉक्टरसाहेब. घण घातल्यासारखं."

नियमाप्रमाणे तापाची गोळी द्यायची नसते, ताप आपला आपण दिसला पाहिजे. पण ही काही तापाची गोळी नव्हे, डोकेदुखीची. तीच गोळी ताप उतरवते हा तिचा गुण झाला. मी दिली ती डोक्यासाठी. समोर माणूस कण्हतोय आणि आपण कागदावरच्या नियमाकडे बघत बसायचं, इतका मी अजून यंत्र झालेलो नाही. खिशातून काढून दिली. संध्याकाळी विवेकबुद्धीने ताप घेतला, अगदी साधारण. माझंच खरं, उकाडाच होता.

३० मार्च

रोज दोनदा स्वतः जातो. सकाळी एक गोळी, दुपारी एक. नोंद कसली करायची, डोकेदुखीची गोळी तर माणूस पानाच्या ठेल्यावरही घेतो. न्हाव्याला फार बरं वाटतं. "एवढे मोठे डॉक्टर आणि माझ्यासाठी जिना चढून येता," म्हणाला. मला वाटतं, माणसाशी माणुसकीने वागायला समिती लागत नाही.

विवेकबुद्धी मात्र पाठीस लागलीय. "सर, त्यांच्या रक्ताच्या नमुन्यात जंतू वाढलेत."

"नमुना कुणी घेतला?"

"मीच."

"मग हात नीट धुतले नसशील. बाद कर."

"सर, मी हात—"

"बाद कर म्हणालो ना."

तिचा चेहरा लाल झाला. आजकालच्या मुलांना साधी चूक दाखवली तरी लागते. पुढे म्हणाली की न्हाव्याचा ताप दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो, पाठ्यपुस्तकात असा ताप नाही. मी म्हणालो, पाठ्यपुस्तक मीही वाचलंय, त्यातलं एक प्रकरण मीच लिहिलंय.

१ एप्रिल

जेवताना बायकोने विचारलं, "तो विनोदी न्हावी कसा आहे?" मीच कधीतरी त्याच्या पाचकळपणाबद्दल बोललो असेन. म्हणालो, "बरा आहे."

"आणि लस?"

"सहापैकी सहा."

तिने ताटावरून मान वर केली. "मग तुम्ही जेवत का नाही?"

बायकांना सगळ्या गोष्टी पोटावरून कळतात असं वाटतं. मी मुद्दाम आणखी वाढून घेतलं आणि संपवलं.

३ एप्रिल

आज भलताच प्रसंग. न्हावी चप्पल घालून वॉर्डाच्या दाराशी उभा. गाल बसलेत, दाढी वाढलीय. दाढी वाढलेला न्हावी मी पहिल्यांदाच पाहिला. म्हणाला, "डॉक्टरसाहेब, मी घरी जातो. पोटात काहीतरी चाललंय. मेहुण्याची कटकट परवडली."

विवेकबुद्धी शेजारीच. "ते जाऊ शकतात, सर. अट आहे तशी."

मी अजिबात आवाज चढवला नाही. म्हणालो, "जा की. दार उघडंच आहे. तुझ्या अंगात जंतू आहेत हे लक्षात ठेव. घरी तुझी लहान पोरगी आहे, तिच्या ताटाला हात लावशील. खालच्या वस्तीत तुझ्या पोरीएवढी पोरं कशी गेली ते हिला विचार, ही पाहून आलीय."

तो जागच्या जागी खाली बसला. रडायला लागला, अगदी आवाज करून. मला किळस आली, खोटं कशाला लिहू. मोठ्या माणसाने असं नाक गाळत रडावं?

विवेकबुद्धीने मला व्हरांड्यात गाठलं. "सर, आत्ता औषध सुरू केलं तर चार दिवसांत लागण थांबेल. मग ते कुणालाही धोका न देता घरी जातील. लागणीची एवढी काळजी आहे तर औषध का देत नाही आपण?"

"कारण तो नियमाप्रमाणे आजारी नाही."

"मग त्यांना लागणीची भीती का घातली?"

याला म्हणतात वकिली. हिने वैद्यकीला यायलाच नको होतं. मी म्हणालो, मला काम आहे. खरंच होतं. आरोग्य खात्याचा माणूस आकडे मागत होता, पावसाळ्याच्या आत वस्तीतल्या शाळांमध्ये लस सुरू करायची म्हणतात. एवढी घाई पहिल्यांदाच कुणाला तरी सुचली. त्यांना मी काय सांगू, थांबा, एका न्हाव्याचं पोट दुखतंय?

५ एप्रिल

न्हावी फारसा बोलत नाही. वॉर्डात किती शांतता आहे ते आता जाणवतं. गोळी दिली.

७ एप्रिल

आज सकाळी माझ्या फेरीच्या आधीच न्हाव्याला शौचावाटे रक्त पडलं. पुष्कळ. आतड्याला भोक. शस्त्रक्रियेला नेलं. विवेकबुद्धीने मला न विचारता कालच अँटिबायोटिक सुरू केलं होतं, हे मला आज कळलं. न विचारता! सर्जन म्हणजे कसायाच्या कुळातला माणूस, बाहेर येऊन हातमोजे काढत म्हणाला, "हा ताप किती दिवसांचा आहे? आणि तुम्ही लोक काय बघत होता?" मी त्याला म्हणालो, आपण आपलं शिवणकाम पाहावं.

न्हाव्याची बायको व्हरांड्यात उभी होती. मोठ्या आवाजाची, भांडकुदळ असेल अशी माझी समजूत होती. ती बाई किरकोळ निघाली, हातात त्याचा स्वेटर. एवढ्या उन्हाळ्यात स्वेटर. तिने बाजूला सरकून मला वाट दिली.

११ एप्रिल

वाचेल म्हणतात. आतड्याचा एक तुकडा काढावा लागला. पुढे जन्मभर पथ्य.

विवेकबुद्धीने समितीला पत्र पाठवलंय. मला आधी दाखवून गेली, हे विशेष. "तुमच्या पाठीमागे काही करायचं नव्हतं, सर." पाठीत सुरी खुपसायच्या आधी परवानगी मागणारी ही पहिलीच. पत्रात गोळीचा उल्लेख नाही. तिला माहीतच नाही. औषध उशिरा का झालं एवढंच विचारलंय. त्याला माझ्याकडे उत्तर आहे: ताप नियमात बसला नाही. ताप बसला नाही तर मी काय त्याला धरून बसवू?

२२ एप्रिल

चौकशी. तीच खोली, तोच पातळ चहा. मी बोललो, आणि चांगलं बोललो. तापाचा तक्ता समोर ठेवला. एकदाही अर्धा दिवस सलग नाही. हृदयरोगतज्ज्ञाने आज फोन बाजूला ठेवला होता. त्याने मान हलवली. वकीलबाईही जरा सैलावल्या. मला वाटलं, झालं, निभावलं.

मग न्हाव्याला आणलं, चाकाच्या खुर्चीतून. निम्मा झालाय, पण दाढी गुळगुळीत आणि भांग पाडलेला. एवढ्या मोठ्या लोकांसमोर बोलायला मिळणार म्हणून स्वारी खुशीत. न्यायाधीशांनी विचारलं, "या डॉक्टरांविषयी तुमची काही तक्रार आहे?"

"तक्रार?" तो उखडलाच. "साहेब, या माणसासारखा माणूस नाही. माझ्यावर खास मेहेरबानी. बाकीच्यांना विचारा, कुणाच्या खाटेशी रोज आले का? मला एकट्याला, दिवसातून दोनदा, स्वतःच्या खिशातून गोळी काढून द्यायचे. पोस्टमन तर जळायचा."

मी त्याच्याकडे बघत होतो. त्याने मला डोळा मारला. मारला म्हणजे कसं, आपण दोघं एका बाजूचे, असा.

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "कसली गोळी?"

"डोकं दुखायचं ना. घेतली की तासाभरात अंग थंडगार. घाम यायचा नुसता."

मुख्याध्यापिका लिहीत होत्या, त्या थांबल्या. विवेकबुद्धी खिडकीपाशी उभी होती. तिच्याकडे बघायचं मी टाळलं, पण तिने तोंडावर हात धरलेला दिसलाच. जिंकल्यासारखी नव्हती दिसत. कुणीतरी गेल्याचं कळल्यासारखी दिसत होती.

न्यायाधीशांनी मला एवढंच विचारलं, "डॉक्टर, बाकी अकरा जणांना डोकेदुखी नव्हती?"

होती. ताप आलेल्या सगळ्यांना होती. विद्यार्थिनी तर डोकं उशीत खुपसून पडल्या होत्या. मी म्हणालो, "आठवत नाही."

न्हावी एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत राहिला. "माझं काही चुकलं का?" त्याने विचारलं. शेवटी मुख्याध्यापिकाच उठल्या आणि त्याची खुर्ची बाहेर घेऊन गेल्या.

२३ एप्रिल

मूर्ख माणूस. मूर्ख, बढाईखोर, पत्त्यांत पानं लपवणारा माणूस. त्याला चार खोटी वाक्यं बोलता आली नसती?

बायकोला मी सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुम्हाला ठाऊक होतं त्याला लस मिळालीय."

"दंडावरून अंदाज होता."

"मिठाचं पाणी मिळालेल्या एखाद्याचं डोकं दुखलं असतं तर दिली असती गोळी?"

मी पेपर उघडला. ती आतल्या खोलीत निघून गेली. पेपरात काय होतं ते मला आठवत नाही.

४ मे

निकाल आला. चाचणी रद्द. नुसता न्हावी नव्हे, बाराही जण. मला संशोधन करायला बंदी. ती अपेक्षित होती, असल्या लोकांकडून दुसरं काय येणार? पण बाराही? सील उघडलं तेव्हा मी नव्हतो. ती तरुण डॉक्टरीण होती. आज ती पुस्तकं परत करायला आली, तेव्हा दारातच उभं राहून तिला विचारलं.

"मिठाच्या पाण्याचे सहा. पाच जणांना ताप आला," ती म्हणाली. "लसीचे सहा. एकाला."

"म्हणजे चालते लस."

"चांगली चालते, सर. एक धरूनही फार चांगली. आकडे खरे दिले असते तर पावसाळ्याच्या आत शाळांमधून सुरू झाली असती." तिने पुस्तकांचा गठ्ठा या हातातून त्या हातात घेतला. "आता त्यातल्या एकाही आकड्यावर कुणी विश्वास ठेवायला तयार नाही. तुम्ही एकाला गोळी दिली, मग आणखी काय केलं असेल म्हणतात. सगळं पहिल्यापासून करायचं. पुढच्या वर्षी."

मला तिला काहीतरी लागेलसं बोलायचं होतं. सवयीने जिभेवर आलंही होतं. मी म्हणालो, "पुस्तकं तिथे टेबलावर ठेव."

ती गेल्यावर कळलं, आज सबंध वेळात मी तिला एकदाही मनातल्या मनात विवेकबुद्धी म्हटलं नव्हतं.

१९ मे

आमचा वॉर्ड तापाच्या रुग्णांना देऊन टाकलाय. वस्तीतून रोज माणसं येतात. खाटा पुरत नाहीत. रुग्ण पाहायला बंदी नाही, तेव्हा मला तिथेच टाकलंय. बाकीचे डॉक्टर माझ्याशी कामापुरतं बोलतात. नर्सही. त्यांचा तिरस्कार मला कळतो. मी त्यातला जुना जाणकार आहे.

आज पश्चिमेच्या खिडकीशी एक मुलगी होती, सात-आठ वर्षांची, औषध वेळेवर सुरू झालेली; तिचा ताप उतरेल. तिच्या आईच्या काखेत आणखी एक तान्हं. ते अजून बरं होतं. मी तपासत होतो तेव्हा आई म्हणाली, "डॉक्टर, लस येणार होती म्हणे. टीव्हीवर दाखवलं होतं कुणालातरी."

तिने मला ओळखलं नव्हतं.

"येईल," मी म्हणालो.

"कधी?"

"पुढच्या वर्षी."

तिने तान्ह्याला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि माझ्याकडे बघत राहिली. रागाने नव्हे. डॉक्टर आहे, याला माहीत असेल, अशा तऱ्हेने.

"मग तोवर याचं काय करू?"

मी म्हणालो, पाणी उकळून पाजा. ती म्हणाली, ते तर हिलाही उकळूनच पाजत होते.